टेक्सासमध्ये जजची निवडणूक लढवायची म्हणजे काय? आपल्या लोकांचे नेहमीचे प्रश्न

गेली काही वर्षं हे प्रश्न मला इतक्यांदा विचारले गेलेत, गणपतीच्या आरतीनंतर प्रसादाच्या लाईनमध्ये, मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये, रात्री साडेदहाला व्हॉट्सॲपवर, की म्हटलं एकदा बसून सगळं लिहूनच काढू. मी वकील नाही. आमच्या एका मैत्रिणीने काऊंटीच्या (काऊंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) कोर्टाच्या जजसाठी निवडणूक लढवली तेव्हा मी तिची कॅम्पेन ट्रेझरर होते, म्हणजे पैशांचा हिशोब, फॉर्म, रिपोर्ट सगळं माझ्या डायनिंग टेबलवर व्हायचं. ती पहिल्या वेळी हरली, पण त्यात जे शिकलो ते कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकलो नसतो. खालचं सगळं टेक्सासबद्दल आणि मुख्यतः ह्यूस्टनजवळच्या फोर्ट बेंड काऊंटीच्या अनुभवावरून आहे, दुसऱ्या राज्यात नियम अगदी वेगळे असतात. आणि कायदे बदलतात, त्यामुळे फॉर्म भरण्याआधी राज्याच्या सेक्रेटरी ऑफ स्टेटची आणि टेक्सास एथिक्स कमिशनची साईट स्वतः बघा, माझ्या भरवशावर राहू नका.

जजला लोक मत देऊन निवडतात? खरंच?

खरंच. आपल्याकडून आलेल्या माणसाला हे पचायला वेळ लागतो, मलाही लागला. आपल्याकडे एमपीएससीची परीक्षा देऊन माणूस दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर होतो, वर हायकोर्टात कॉलेजियम, त्यात मतदाराचा कुठे संबंधच नाही. इथे फेडरल कोर्टाचे जज राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि सिनेट मान्यता देतं, पण राज्याच्या कोर्टांचं राज्यागणिक वेगळं. मिसिसिपीने १८३२ मध्ये सगळे जज लोकांकडून निवडायला सुरुवात केली आणि मग ती पद्धत पसरत गेली. मिसुरीने १९४० मध्ये वेगळी वाट काढली, आधी नेमणूक करायची आणि मग काही काळाने लोकांना फक्त विचारायचं की हा जज राहू दे का, हो की नाही. काही राज्यांत जजच्या निवडणुकीत पक्षाचं नाव लावत नाहीत.

टेक्सासमध्ये मात्र गावातल्या जस्टिस ऑफ द पीसपासून राज्याच्या सुप्रीम कोर्टापर्यंत सगळे निवडून येतात आणि तेही पक्षाच्या नावावर. अपवाद मुख्यतः शहरांच्या म्युनिसिपल कोर्टांचा, तिथे बहुतेक ठिकाणी सिटी कौन्सिल नेमतं. मधेच एखादी जागा रिकामी झाली तर डिस्ट्रिक्ट कोर्टावर गव्हर्नर माणूस नेमतो आणि काऊंटी पातळीवर कमिशनर्स कोर्ट (नावात कोर्ट असलं तरी हे काऊंटीचा कारभार बघणारं मंडळ) नेमतं, पण त्यालाही पुढे निवडणुकीला सामोरं जावंच लागतं.

म्हणजे आपले काऊंटी जज, ते पण कोर्टात बसतात का?

हा घोळ दर वेळी होतो. फोर्ट बेंडसारख्या मोठ्या काऊंटीत काऊंटी जज हा कमिशनर्स कोर्टाचा प्रमुख असतो, रस्ते, बजेट, पूर आला तर आपत्कालीन व्यवस्था हे त्याचं काम, आपल्या जिल्हा परिषदेच्या अध्यक्षासारखं समजा. छोट्या काऊंटीत तो काही केसेसही ऐकतो. पण ज्याच्यासमोर तुमची केस उभी राहणार तो वेगळा, त्या जागेच्या नावात काऊंटी कोर्ट ॲट लॉ किंवा डिस्ट्रिक्ट कोर्ट असं असतं आणि पुढे नंबर.

कुठल्या कुठल्या जागा असतात आणि उभं कोण राहू शकतं?

स्थानिक पातळीवर तीन लक्षात ठेवा, तिन्हीची मुदत चार वर्षं.

डिस्ट्रिक्ट कोर्ट सगळ्यात मोठं, फेलनी म्हणजे गंभीर गुन्हे, घटस्फोट, मोठे दिवाणी दावे. यासाठी २०२१ मध्ये लोकांनी मत देऊन राज्यघटना बदलली आणि अट कडक केली, आधी चार वर्षांची वकिली पुरायची, आता १ जानेवारी २०२५ पासून सुरू होणाऱ्या मुदतींसाठी टेक्सासमधली आठ वर्षांची वकिली किंवा न्यायाधीशपद किंवा दोन्ही मिळून आठ लागतात. शिवाय त्या डिस्ट्रिक्टमध्ये दोन वर्षांचं वास्तव्य.

काऊंटी कोर्ट ॲट लॉ हे त्याच्या खालचं, पहिल्यांदा दारू पिऊन गाडी चालवताना पकडलेल्या माणसाची केस साधारण इथे येते, मृत्युपत्रांची कामं येतात, मधल्या रकमेचे दावे येतात. वय किमान २५, काऊंटीत दोन वर्षं वास्तव्य, टेक्सासचं लायसन्स आणि चार वर्षांची वकिली किंवा न्यायाधीश म्हणून काम.

आणि तिसरं जस्टिस ऑफ द पीस, ज्याला सगळे जेपी म्हणतात. त्याबद्दल वेगळं लिहिते कारण मला वाटतं आपल्या लोकांचं सगळ्यात जास्त दुर्लक्ष तिथे आहे.

मी वकील नाही, आयटीत आहे / शिक्षिका आहे / दुकान आहे. मला काही स्कोप?

जेपी! त्याला कायद्याची पदवी लागत नाही. अमेरिकन नागरिक, रजिस्टर्ड मतदार, टेक्सासमध्ये बारा महिने आणि त्या प्रिसिंक्टमध्ये, म्हणजे काऊंटीच्या त्या विभागात, सहा महिने राहणारा माणूस उभा राहू शकतो. निवडून आल्यावर पहिल्या वर्षात ८० तासांचं ट्रेनिंग करावं लागतं आणि पुढे दर वर्षी २० तासांचं.

आपल्याकडे जुन्या मुंबईत लोक नावापुढे जे.पी. लावायचे किंवा नंतर विशेष कार्यकारी दंडाधिकाऱ्याचा शिक्का घेऊन दाखल्यांवर सह्या करायचे, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटतं हे तसलंच काहीतरी मानाचं पद असेल. तसं अजिबात नाही. २०,००० डॉलरपर्यंतचे दावे इथे चालतात, कॉन्ट्रॅक्टरने छप्पर अर्धवट सोडून पळ काढला तर तुम्ही इथेच येणार. शेरीफच्या माणसाने किंवा कॉन्स्टेबलने दिलेलं स्पीडिंगचं तिकीट इथे येतं. शाळा बुडवणाऱ्या मुलांच्या केसेस येतात. लग्नंही लावतात. जिथे मेडिकल एक्झामिनर, म्हणजे मृत्यूचं कारण तपासणारा सरकारी डॉक्टर, नाही अशा काऊंटीत कुणी अचानक गेलं तर मध्यरात्री उठून पंचनाम्यालाही जेपीलाच जावं लागतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे एव्हिक्शन, भाडेकरूला घराबाहेर काढायची केस. आम्ही प्रचाराच्या काळात कोर्ट कसं चालतं बघायला म्हणून एका सकाळी जेपी कोर्टात जाऊन बसलो होतो. एकामागून एक केसेस, कित्येक भाडेकरू आलेलेच नव्हते, जे आले त्यांच्याकडे वकील नव्हता, एक बाई मांडीवर बाळ घेऊन बसली होती आणि तिला आपल्याला बोलायची संधी कधी मिळणार तेच कळत नव्हतं. त्या खुर्चीतल्या माणसाने दोन मिनिटं जास्त दिली, सोप्या भाषेत समजावलं, तर केवढा फरक पडतो ते मी डोळ्याने बघितलंय. म्हणून कुणी विचारलं की वकील नसताना काय करू शकतो तर मी आधी सांगते, एक दिवस सुट्टी काढा आणि तुमच्या प्रिसिंक्टच्या जेपी कोर्टात जाऊन मागच्या बाकावर बसा, कोर्ट सगळ्यांना खुलं असतं.

ग्रीन कार्ड आहे, चालेल का? आणि जन्म भारतातला असेल तर?

ग्रीन कार्डवर उभं राहता येत नाही आणि मतही देता येत नाही. इथे कृपा करून सावध राहा, लायसन्स काढताना वगैरे कुणी मतदार नोंदणीचा फॉर्म पुढे केला आणि तुम्ही नागरिक नसताना चुकून टिक केलं तर पुढे सिटिझनशिपच्या वेळी फार मोठा त्रास होतो, देशाबाहेर काढण्यापर्यंत गोष्ट जाऊ शकते.

जन्म कुठला याने काही अडत नाही. जन्माने नागरिक असण्याची अट राष्ट्राध्यक्ष आणि उपराष्ट्राध्यक्षासाठी आहे, जजसाठी नाही. सुरेंद्रन पटेल यांचं उदाहरण आमच्याच काऊंटीतलं. नावावरून गुजराती वाटतात पण केरळमधल्या कासरगोडचे, लहानपणी घर चालवायला विड्या वळलेला माणूस, तिकडे वकिली केली, २००७ मध्ये अमेरिकेत आले, २००९ मध्ये टेक्सासची बार परीक्षा पास झाले, २०१७ मध्ये नागरिक झाले. २०२० मध्ये जजसाठी उभे राहिले आणि हरले. २०२२ मध्ये परत उभे राहिले, प्रायमरीत, म्हणजे पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या आधीच्या निवडणुकीत, स्वतःच्याच पक्षाच्या विद्यमान जजला हरवलं आणि १ जानेवारी २०२३ ला २४० व्या डिस्ट्रिक्ट कोर्टाचे जज झाले. त्यांच्या उच्चारांवरून लोक बोलले होते, ते त्यांनी नंतर स्वतः सांगितलंय. त्याआधी २०१८ मध्ये जुली मॅथ्यू इथल्या काऊंटी कोर्ट ॲट लॉ नंबर ३ वर निवडून आल्या होत्या, त्याही मल्याळी. मल्याळी मंडळींनी हे कसं केलं ते आपण नीट बघायला हवं, चर्च, असोसिएशन, नर्सेसचं नेटवर्क, सगळे वर्षानुवर्षं स्थानिक कामात आहेत, निवडणुकीच्या महिन्यात उगवलेले नाहीत.

भारतातली दहा वर्षांची वकिली आहे, ती धरतात का?

डिस्ट्रिक्ट कोर्टासाठी टेक्सासमधली वर्षं मोजतात, तिकडची धरून चालू नका. आधी इथलं लायसन्स, आणि भारतातल्या वकिलाला परीक्षेला बसायला काय लागतं ते टेक्सासच्या बोर्ड ऑफ लॉ एक्झामिनर्सकडून लेखी विचारून घ्या.

पक्ष घ्यावाच लागतो का? मला राजकारणात पडायचं नाहीये.

अपक्ष उभं राहता येतं पण सह्या गोळा करायच्या अटी जड आहेत, आणि जजच्या जागेवर अपक्ष निवडून येणं फार कठीण. त्यामुळे व्यवहारात रिपब्लिकन किंवा डेमोक्रॅट, एकाच्या प्रायमरीत उतरावं लागतं.

मला स्वतःला ही पद्धत पटत नाही. चोरीची केस ऐकायला पक्ष कशाला लागतो? पण नियम आहे तो आहे. याचा परिणाम असा की चांगले जजसुद्धा लाटेत वाहून जातात. २०१८ मध्ये शेजारच्या हॅरिस काऊंटीत डेमोक्रॅट्सनी जजच्या जागा झाडून जिंकल्या, त्यात १७ कृष्णवर्णीय महिला एकाच वेळी जज झाल्या, ही ऐतिहासिक गोष्ट होती आणि मला तिचा आनंदच आहे. पण वर्षानुवर्षं उलट दिशेची लाटही तशीच लोकांना घेऊन गेलीये. तेव्हा एक बटण दाबून सगळी मतं एका पक्षाला देता यायची, ते २०२० पासून बंद झालं. आता प्रत्येक जागेवर वेगळं मत द्यावं लागतं, आणि आमच्याकडचं बॅलट इतकं लांब असतं की माणूस वरची मोठी नावं करून खाली जजपर्यंत पोचेपर्यंत थकून जातो. तुमची सगळी निवडणूक त्या थकलेल्या माणसाशी आहे हे लक्षात ठेवा. त्याने तुमचं नाव आधी कुठेतरी चांगल्या कारणाने ऐकलेलं असलं तर तो खालपर्यंत येतो.

टेक्सासमध्ये मतदाराची पक्षनोंदणी नसते, मार्चमध्ये जाऊन कुठल्या पक्षाच्या प्रायमरीत मत द्यायचं ते तेव्हाच ठरवता येतं. हे आपल्या लोकांना माहीतच नसतं, ते नोव्हेंबरमध्ये येतात आणि तोवर बऱ्याच जागांचा निकाल मार्चमध्येच लागलेला असतो.

तयारी कधीपासून?

तुम्हाला वाटतंय त्याच्या एक वर्ष आधीपासून. क्रम असा:

सगळ्यात पहिलं कॅम्पेन ट्रेझररच्या नेमणुकीचा फॉर्म, तो भरल्याशिवाय एक डॉलर घ्यायचा नाही आणि खर्चायचा नाही. डिस्ट्रिक्ट जजसाठी तो टेक्सास एथिक्स कमिशनकडे जातो, काऊंटी कोर्ट आणि जेपीसाठी काऊंटीकडे. मग उमेदवारी अर्ज, तो विषम वर्षातल्या डिसेंबरच्या दुसऱ्या सोमवारपर्यंत भरायचा आणि खिडकी त्याआधी महिनाभर उघडी असते. २०२६ च्या निवडणुकीसाठी शेवटची तारीख ८ डिसेंबर २०२५ होती आणि प्रायमरी ३ मार्च २०२६ ला. प्रायमरीत निम्म्याहून जास्त मतं लागतात, कुणालाच मिळाली नाहीत तर मेच्या शेवटी पहिल्या दोघांत रनऑफ. मग नोव्हेंबर.

फी काऊंटी कोर्टासाठी आणि डिस्ट्रिक्ट कोर्टासाठी १,५०० डॉलर, लोकसंख्या १५ लाखांच्या वर असलेल्या काऊंटीत २,५००, आणि तिथे वर २५० मतदारांच्या सह्याही लागतात. जेपीला दोन लाखांवरच्या काऊंटीत १,०००, छोट्या काऊंटीत ३७५. आपल्याकडच्या डिपॉझिटसारखी ही रक्कम चांगली मतं मिळाली म्हणून परत येत नाही.

सह्या गोळा करत असाल तर लागतात त्याच्या दुप्पट करा. लोक आनंदाने सही करतात आणि नंतर कळतं ते दुसऱ्या काऊंटीत मतदार आहेत.

पैशांचं काय? मी एच-१बी वर आहे पण मदत करायची खूप इच्छा आहे.

हा भाग नीट वाचा, कारण इथे चांगल्या मनाने केलेली मदत उमेदवाराला अडचणीत आणते.

नागरिक आणि ग्रीन कार्डवाले देणगी देऊ शकतात. एच-१बी, एच-४, एल-१, स्टुडंट व्हिसा, भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबा, यांच्यापैकी कुणीही एक डॉलरसुद्धा देऊ शकत नाही, स्थानिक निवडणुकीलाही नाही, हा फेडरल कायदा आहे. आणि "वहिनी, मी तुम्हाला झेलने (Zelle) पैसे पाठवतो, तुम्ही तुमच्या नावाने द्या" हे तर मुळीच नाही, दुसऱ्याच्या नावाने देणं हा वेगळा गुन्हा. आमच्याकडे एका काकांनी भारतातून आलेल्या पैशांतून प्रेमाने पाकीट आणलं होतं, ते हात जोडून परत केलं, त्यांना वाईट वाटलं, मलाही वाटलं, पण इलाज नव्हता.

व्हिसावरच्या लोकांनी बिनपगारी स्वयंसेवक म्हणून काम केलं तर चालतं, फोन करणं, दारोदार जाणं, पत्रकांच्या घड्या घालणं. फक्त पैसा कुठे खर्च करायचा या निर्णयात बसायचं नाही.

कंपनीच्या खात्यातून चेक चालत नाही, टेक्सासमध्ये कॉर्पोरेशनने उमेदवाराला देणगी देणं बंद आहे. रोख एका माणसाकडून एका रिपोर्टच्या काळात १०० डॉलरच्या वर नाही. आणि वस्तूही देणगीच असते! फंडरेझरला कुणी दोनशे वडापाव फुकट पाठवले तर त्यांची किंमत लावून ते रिपोर्टमध्ये दाखवावं लागतं, आणि ते हॉटेल कॉर्पोरेशन असेल तर फुकट घेताच येत नाहीत, बिल भरून घ्यायचे. मी प्रत्येक पावती चपलांच्या खोक्यात ठेवायचे आणि रविवारी एक्सेलमध्ये भरायचे, हे एक आठवडा जरी सुटलं तरी पुढे सापडत नाही.

जजच्या निवडणुकीला देणगीवर मर्यादाही आहे, १९९५ च्या ज्युडिशियल कॅम्पेन फेअरनेस ॲक्टमुळे. ती लोकसंख्येवर ठरते, अडीच लाखांच्या आत असेल तर एका माणसाकडून एका निवडणुकीला १,००० डॉलर, दहा लाखांपर्यंत २,५००, त्याच्या वर ५,०००. फोर्ट बेंडची २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या आठ लाखांच्या थोडी वर होती, म्हणजे काऊंटी कोर्टासाठी २,५००. एकाच लॉ फर्मच्या लोकांनी मिळून किती द्यायचं त्यालाही कॅप आहे. देणगी घ्यायचा काळही ठरलेला, अर्जाच्या शेवटच्या तारखेआधी २१० दिवसांपासून ते निवडणुकीनंतर १२० दिवसांपर्यंत. जेपीला मात्र हा कायदा लागू नाही, तिथले नियम वेगळे बघा.

वकिलांकडूनच पैसे घ्यायचे आणि उद्या त्यांच्याच केसेस ऐकायच्या, हे बरोबर आहे का?

मला हा प्रश्न सगळ्यात जास्त आवडतो आणि याचं सोपं उत्तर माझ्याकडे नाही. जजच्या निवडणुकीत पैसे देणारे बहुतेक वकीलच असतात, कारण बाकी कुणाचं तिकडे लक्षच नसतं. काही राज्यांत म्हणून उमेदवाराने स्वतः पैसे मागायलाच बंदी आहे, फ्लोरिडात तशी आहे आणि अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये ती योग्य ठरवली. टेक्सासमध्ये उमेदवार स्वतः मागू शकतो.

पैसा हाताबाहेर गेला की काय होतं त्याचं उदाहरण वेस्ट व्हर्जिनियाचं. तिथे कोळसा कंपनीच्या प्रमुखाने २००४ मध्ये एका उमेदवाराला तिथल्या सर्वोच्च कोर्टात निवडून आणायला सुमारे ३० लाख डॉलर खर्च केले, आणि नंतर त्याच कंपनीचं पाच कोटींचं अपील त्या जजसमोर गेलं, तो बाजूला व्हायला तयार नव्हता. २००९ मध्ये सुप्रीम कोर्टाने पाच विरुद्ध चार मतांनी सांगितलं की त्याने बाजूला व्हायलाच हवं होतं.

आमच्या मैत्रिणीने यावर एक साधा उपाय केला, जो मला फार मोलाचा वाटला. वकिलांकडून घेतलं पण छोट्या रकमा आणि खूप जणांकडून, आणि ५० डॉलर देणाऱ्या शेजाऱ्यांची यादी वाढवत नेली. आपण लोक जेव्हा म्हणतो की राजकारणात पैसे कशाला द्यायचे, तेव्हा ती जागा दुसरं कोणीतरी भरून काढत असतं.

मंडळाने किंवा देवळाने पाठिंबा जाहीर केला तर?

नको. जी मंडळं आणि देवळं ५०१(सी)(३), म्हणजे करसवलत असलेल्या धर्मादाय संस्था, आहेत त्यांना उमेदवाराच्या बाजूने किंवा विरोधात प्रचार करता येत नाही, त्यांची करसवलतच धोक्यात येते. मंडळाच्या मेलिंग लिस्टवरून "आपल्या मुलीला मत द्या" असा मेल गेला तर तो प्रेमाचा असला तरी चूक. सगळ्या उमेदवारांना सारख्या अटींवर बोलावून ओळख करून देणं चालतं. अध्यक्ष घरी, स्वतःच्या नावाने, स्वतःच्या खर्चाने काय करतात तो त्यांचा प्रश्न. आमच्याकडे संक्रांतीचं हळदीकुंकू एका मैत्रिणीने स्वतःच्या घरी ठेवलं होतं, उमेदवार आली, बायकांशी बोलली, कोर्टात नक्की काय चालतं ते सांगितलं, आणि त्या दिवशी सात जणींनी मतदार म्हणून नाव आहे का ते पहिल्यांदा तपासलं.

भाषणात काय सांगायचं? आश्वासनं काय द्यायची?

आश्वासन देताच येत नाही, आणि बाकी सगळ्या निवडणुकांपेक्षा ही वेगळी असते ती इथेच.

नगरसेवक सांगतो नळाला पाणी देतो, सरपंच सांगतो रस्ता करतो. जजचा उमेदवार काय सांगणार? टेक्सासच्या ज्युडिशियल कंडक्टच्या नियमांत आहे की चालू किंवा येऊ घातलेल्या केसबद्दल, एखाद्या प्रकारच्या केसेसबद्दल, एखाद्या प्रकारच्या पक्षकारांबद्दल असं वचन द्यायचं नाही ज्याने ऐकणाऱ्याला वाटेल की याचा निकाल आधीच ठरलाय. म्हणजे "दारू पिऊन गाडी चालवणाऱ्या एकालाही मी सोडणार नाही" हे टाळ्यांचं वाक्य बोलायचं नाही. "घरमालकांना न्याय देईन" नाही, "भाडेकरूंना वाचवीन" नाही. दुसऱ्या कुठल्या पदाच्या उमेदवाराला जाहीर पाठिंबाही देता येत नाही. वकील उमेदवार असेल तर हे नियम तो निवडून येण्याआधीच त्याला लागू असतात, हरला तरी लायसन्सवर कारवाई होऊ शकते. २००२ मध्ये सुप्रीम कोर्टाने मिनेसोटाच्या एका केसमध्ये म्हटलं की वादग्रस्त विषयांवर स्वतःचं मत सांगायला उमेदवाराला पूर्ण बंदी करता येणार नाही, पण मत सांगणं वेगळं आणि निकालाचं वचन देणं वेगळं, आणि शहाणा उमेदवार दोन्हीपासून लांब राहतो.

मग बोलायचं काय? वेळेवर कोर्ट सुरू करीन हे सांगता येतं. केसेस लटकवणार नाही, दुभाषा लागला तर मिळेल हे बघीन, समोर आलेल्या माणसाचं ऐकून घेईन, कायदा वाचून येईन. ऐकायला फार साधं वाटतं. आमच्या पहिल्या सभेत एक गृहस्थ तावातावाने विचारत होते, चोऱ्या वाढल्यात, तुम्ही काय करणार? ती शांतपणे म्हणाली, उद्या तुमच्या मुलावर खोटा आरोप झाला तर तुम्हाला मी जशी हवी असेन तशीच मी प्रत्येकाला असेन. टाळ्या पडल्या नाहीत. पण ते गृहस्थ नंतर चार यार्ड साईन, म्हणजे अंगणात रोवायच्या प्रचाराच्या पाट्या, घेऊन गेले.

मला तेव्हा रामशास्त्री आठवले. शाळेत आपण सगळ्यांनी वाचलंय, नारायणराव पेशव्यांच्या खुनाबद्दल रघुनाथरावाला तोंडावर देहान्त प्रायश्चित्त सांगणारे. त्यांना कुणाची मतं मागायची नव्हती. इथे मतं मागूनही तसं राहायचं असतं, म्हणजे किती अवघड ते बघा.

नाव लांब आहे, इथल्या लोकांना घेता येत नाही. बदलू का?

बदलू नका. पण बॅलटवर नाव कसं छापायचं याचे नियम वाचा. टोपणनाव चालतं, एकच शब्द, इंग्रजी दहा अक्षरांच्या आत, आणि निवडणुकीआधी किमान तीन वर्षं लोक तुम्हाला त्या नावाने ओळखत असले पाहिजेत. चंद्रशेखरला सगळे शेखर म्हणत असतील तर शेखर लावा. फॉर्म भरायच्या दिवशी नवं "शॉन" काढू नका.

उच्चारांची लाज तर बाळगूच नका. दारात उभं राहून स्वतःचं नाव सावकाश दोनदा सांगायचं, समोरचा म्हणून बघतो, बरोबर आलं की हसतो, आणि तो नाव विसरत नाही.

यार्ड साईनबद्दल काही?

तुम्ही सध्या जज नसाल तर साईनवर पदाच्या आधी "फॉर" हा शब्द हवाच, आणि तो पदाच्या अक्षरांच्या निम्म्यापेक्षा लहान नको. नुसतं नाव आणि "जज" छापलं तर तुम्ही आधीच जज आहात असा भास होतो आणि ते बेकायदा आहे. छापायच्या आधी बघा, आम्ही पहिल्या प्रूफमध्ये "फॉर" इतका बारीक ठेवला होता की वेळेत लक्षात आलं म्हणून वाचलो.

सरकारी रस्त्याच्या कडेच्या जागेत लावायची नाहीत. एचओएने, म्हणजे तुमच्या वसाहतीच्या सोसायटीने, नाही म्हटलं तर घाबरू नका, राज्याच्या कायद्याने स्वतःच्या अंगणात निवडणुकीआधी ९० दिवसांपासून नंतर १० दिवसांपर्यंत उमेदवारामागे एक साईन लावायला ते मनाई करू शकत नाहीत. मतदान केंद्राच्या १०० फुटांच्या आत मात्र प्रचार नाही, उमेदवाराचं नाव असलेला टी-शर्ट घालून मत द्यायलाही जायचं नाही, जाकीट घालून झाकून टाका.

निवडून आल्यावर ओळखीच्यांच्या केसेस आल्या तर? मंडळात जायचं बंद करायचं का?

नात्यातल्या किंवा जिथे निःपक्षपातीपणाबद्दल रास्त शंका येईल अशा केसमधून बाजूला व्हावं लागतं. मंडळात जायला हरकत नाही, पण जेवणाच्या ताटावर कुणी "अगं माझ्या भाच्याचं तिकीट आलंय ना" सुरू केलं की तिथेच थांबवायचं. हे आपल्या लोकांना जड जातं कारण ओळख असणं म्हणजे काम होणं असं आपल्या अंगात मुरलंय. घरच्यांना आधीच सांगून ठेवा, आईला सुद्धा. डिस्ट्रिक्ट आणि काऊंटी कोर्टाच्या जजला वकिली करता येत नाही, तोही हिशोब घरी बसून आधी करा.

आणि हरलो तर?

हरलात तरी रिपोर्ट संपत नाहीत. जानेवारी आणि जुलैच्या १५ तारखेचे रिपोर्ट असतात, निवडणुकीआधी ३० दिवस आणि ८ दिवसांचेही, आणि शेवटचा रिपोर्ट भरून खातं बंद करेपर्यंत ट्रेझररची सुटका नाही. परत उभं राहायचं असेल तर खातं उघडं ठेवा.

आम्ही मार्चमध्ये हरलो त्या रात्री अकराला घरी आलो, कुणी काही बोललं नाही, पिठलं-भात खाल्ला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती सात वाजता माझ्या दारात उभी, गाडीच्या डिकीत रिकामे खोके आणि बागकामाचे हातमोजे. दिवसभर फिरून साईन गोळा केल्या, प्रत्येक घरी बेल वाजवून आभार मानले. तारेचे स्टँड वाकलेले होते ते सरळ केले. माझ्या गॅरेजमध्ये डाव्या भिंतीला लावून ठेवलेत, वर्ष छापलेलं नाहीये त्यांच्यावर, ते आम्ही मुद्दाम छापलं नव्हतं.